‘होय’ लिहिणाऱ्या पोराचं पुढे काय होतं?

प्रति,
मा. पोलीस अधीक्षक, सातारा
आणि
मा. पोलीस अधीक्षक, सांगली





पत्र एकच आणि नावं दोघांची, याचं कारण माझं गाव. कऱ्हाड तालुक्याच्या अगदी शेवटी आमची वस्ती आहे. ओढा ओलांडला की वाळवा तालुका लागतो, म्हणजे जिल्हा बदलतो. 1949 पर्यंत हा सगळा एकच सातारा जिल्हा होता. नंतर दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली झालं. हद्द कागदावर पडली, पण पोरं अजून एकाच रस्त्यावर पळतात. पहाटे साडेचारला कारखान्याकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर त्यांच्या बुटांचा आवाज येतो. एक जण मोबाईलमध्ये वेळ लावून उभा असतो. पोलीस भरतीत सोळाशे मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत मारलं की 20 पैकी 20 गुण. इथल्या निम्म्या घरांचं भवितव्य त्या 310 सेकंदांत बसवलेलं आहे.

मी 31 वर्षं माध्यमिक शाळेत मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर पोरं फॉर्म घेऊन माझ्याकडे यायला लागली. जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, डोमिसाईल, प्रतिज्ञापत्र. ग्राउंड झालं, लेखी झाली, मेरिटला नाव लागलं, की सगळ्यात शेवटी येतो तो साक्षांकन नमुना. मला लिहायचंय ते त्याच कागदाबद्दल.

फॉर्ममध्ये आधी सरळसोपे रकाने असतात. नाव, वडिलांचं नाव, कुठे कुठे राहिलात, कुठल्या शाळेत शिकलात. मग तो प्रश्न येतो. तुम्हाला कधी अटक झाली आहे का? तुमच्यावर कधी खटला चालला आहे का? कधी दंड झाला आहे का, कधी दोषी ठरला आहात का? पुढे होय किंवा नाही. बहुतेक पोरं वाचतसुद्धा नाहीत, ओळीनं ‘नाही’ लिहीत जातात. पण अधूनमधून एखाद्याचं पेन थांबतं. टोपण लावतो, काढतो. मग मान खाली घालूनच विचारतो, “बाई, हितं काय लिहू?”

2013 मध्ये असंच एकाचं पेन थांबलं होतं. माझाच विद्यार्थी, आठवीपासून माझ्या वर्गात होता. दोन वर्षांपूर्वी, एकोणीस वर्षांचा असताना, शेजारच्या गावच्या यात्रेत तो आणि तिघं मित्र तमाशाच्या तंबूमागे चिलीम ओढताना सापडले होते. गांजा सेवनाची केस झाली. तालुक्याच्या कोर्टात वकिलांनी सांगितलं, “कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा. तारखा कोण खाणार?” चौघांनी कबूल केलं, दंड भरला आणि दुपारच्या एसटीनं घरी आले. घरच्यांच्या दृष्टीनं विषय संपला. पोरानं पुन्हा चिलमीला हात लावला नाही, हे मला माहीत होतं. अख्ख्या गावाला माहीत होतं.

तो म्हणाला, “बाई, केस तर संपलीय.” मी म्हणाले, “संपली ना? मग ‘नाही’ लिही.”

‘कधी’ हे कालवाचक क्रियाविशेषण अव्यय आहे, हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. प्रश्न ‘आत्ता केस चालू आहे का’ असा नव्हता, ‘कधी’ असा होता. दंड भरून सुटणं म्हणजे निर्दोष सुटणं नव्हे, कबुली देऊन दंड भरणं ही दोषसिद्धीच असते, हे त्या पोराला ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. पण वाक्य वाचता येणं हे तर माझं काम होतं. त्यानं माझ्या शब्दावर ‘नाही’ लिहिलं. गावात पेढे वाटले. प्रशिक्षणाच्या पाचव्या महिन्यात पडताळणीचा अहवाल गेला आणि तो लोखंडी ट्रंक घेऊन घरी परत आला. आदेशात गांजाबद्दल फारसं काही नव्हतं. माहिती दडवली, एवढंच कारण होतं.

आज तो दुधाचा टेम्पो चालवतो. रस्त्यात भेटला की गाडी बाजूला घेऊन “बाई, बऱ्या आहात ना?” असं विचारतो. मला त्यानं कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. 2011 मध्ये दिल्ली पोलिसांच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं उमेदवाराच्या बाजूनं निकाल दिला होता. तरुणपणी झालेल्या मारामारीची केस त्यानं अर्जात लिहिली नव्हती. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजूंनी निकालात व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतल्या ज्याँ व्हालज्याँची आठवण काढली होती, भुकेल्या घरासाठी पाव चोरला आणि जन्मभर चोराचा शिक्का घेऊन फिरला त्याची. पण इतर खंडपीठांचे निकाल वेगळ्या दिशेनं जात होते. म्हणून प्रश्न तीन न्यायमूर्तींपुढे गेला आणि 21 जुलै 2016 रोजी अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात निकाल लागला. तो तुम्हाला पाठ असेल. पोरांना त्याचं नावसुद्धा माहीत नाही, म्हणून इथे सांगते. उमेदवारानं दिलेली माहिती खरीच असली पाहिजे, दडवता कामा नये. दडवलेली गोष्ट अगदी क्षुल्लक असेल, कोवळ्या वयात दिलेल्या घोषणांसारखी, तर नियुक्ती करणारा अधिकारी ती पोटात घालू शकतो. गंभीर असेल तर नियुक्ती रद्द करू शकतो. प्रश्न मोघम असेल तर त्याचं ओझं उमेदवारावर टाकता येत नाही. आणि एखाद्यानं संपलेल्या केसची माहिती खरी दिली, तरी त्याला घेतलंच पाहिजे अशी सक्ती अधिकाऱ्यावर नाही. त्याची पूर्वपीठिका पाहून निर्णय घ्यायचा अधिकार शाबूत आहे.

हे शेवटचं कलम मी पुन्हा पुन्हा वाचते. न्यायालयानं सगळ्या बाजू तोलल्या आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण कऱ्हाड-वाळव्याच्या पोराच्या कानापर्यंत त्यातलं एवढंच पोचतं की खोटं लिहिलं तर जाणार आणि खरं लिहिलं तरी जाऊ शकतं. मग तो हिशेब मांडतो. खोटं पकडलं गेलं तर जाईल, खरं लिहिलं तर आजच जाईल. भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडमीतला सीनियर सांगतो, “ठोक ‘नाही’, कोण बघतंय?” वडील सांगतात, मामा सांगतो. एकदा शिक्षिकेनंही सांगितलं होतं. आता सगळी पोलीस ठाणी सीसीटीएनएस या संगणकीय जाळ्यानं जोडली आहेत, जुना गुन्हा नावावरून निघतो. तरी पोरं खोटंच लिहितात, कारण खरं लिहिणाऱ्याचं भलं झालेलं त्यांनी पाहिलेलं नाही.

साहेब, ही माझी जुनी सल आहे, पण आजचं दुखणं तिच्याहून मोठं आहे. तेव्हा यात्रेतली चिलीम होती. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांचा तपास कुरकुंभहून निघून आपल्या कुपवाडपर्यंत आला आणि तिथे शंभर किलोहून जास्त एमडी हे अमली द्रव्य सापडलं. पुढच्याच महिन्यात कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत मुंबईच्या गुन्हे शाखेनं कारखाना उद्ध्वस्त केला. द्राक्षं आणि दुष्काळ यांच्याशिवाय ज्या तालुक्याचं नाव पेपरात यायचं नाही, तिथे ही पावडर बनत होती. जानेवारी 2025 मध्ये विट्याजवळच्या कार्वे औद्योगिक वसाहतीत पुन्हा तेच. कायद्यात या पदार्थाचं दोन ग्रॅमपर्यंतचं प्रमाण ‘अल्प’ आणि पन्नास ग्रॅमच्या पुढचं ‘व्यापारी’ मानलं आहे. किलोंनी माल निघतो तिथे ग्रॅमांनी तो कुणाच्या खिशात गेला, हा प्रश्न आम्हा घरच्यांना झोपू देत नाही. त्यात ती इंजेक्शनं. ऑपरेशनच्या वेळी रक्तदाब कोसळला तर डॉक्टर देतात ते मेफेंटरमाईन व्यायामशाळांच्या आडोशानं विकलं जातं. दम लागू नये म्हणून, ग्राउंड मारायला म्हणून पोरं ते टोचून घेतात. ज्या नोकरीसाठी अंगात नशा नको, तिच्याच तयारीसाठी ते अंगात घेतात.

येत्या दहा वर्षांत तुमच्या मैदानावर जी पोरं उतरतील, त्यांतली काही या सगळ्याच्या वाऱ्यातून गेलेली असतील. कुणी एकदा, कुणी सहा महिने. त्यांतला जो विकत होता, त्याला तुम्ही दारात उभा करू नका, मी त्याच्यासाठी एक शब्द बोलणार नाही. जो अजून घेतो त्यालाही नको. हातात रायफल आणि मुद्देमालाच्या खोलीची किल्ली द्यायची आहे, तिथे दया दाखवून चालत नाही. मी बोलते आहे ते त्याच्याबद्दल, ज्यानं घेतलं, सोडलं, आणि आता पेन हातात धरून बसला आहे.

अशा पोराला ‘नाही’ लिहायला लावण्यात तुमच्याच खात्याचा धोका आहे. त्यानं एके काळी कुणाकडून पुडी घेतली, हे दोघांना माहीत असतं. त्याला आणि विकणाऱ्याला. उद्या तो वर्दी घालून त्याच पेठेत बंदोबस्ताला उभा राहिला, तर विकणारा येऊन खांद्यावर हात ठेवणार. “काय हवालदार, ओळख विसरला का?” ज्यानं साहेबाला आधीच सगळं लेखी सांगितलंय, तो म्हणू शकतो, “जा, सांग कुणाला सांगायचं ते.” ज्यानं दडवलंय त्याला मान खाली घालावी लागते. छापा कधी पडणार, हे मग त्याच्याच तोंडून फुटतं. झुरका काही दिवसांत अंगातून निघून जातो. त्या रकान्यातलं खोटं मात्र निवृत्तीपर्यंत नोकरीला बांधलेलं राहतं.

माझा पुतण्या अमेरिकेत असतो. त्याची तिथेच जन्मलेली मुलगी संरक्षण खात्याशी संबंधित नोकरीला लागली, तेव्हा तिनं भरलेल्या फॉर्मबद्दल त्यानं सांगितलं आणि मी त्याला खोदून खोदून विचारलं. एसएफ-86 नावाचा तो जाडजूड फॉर्म आहे. आपला फॉर्म अटक विचारतो, तो थेट विचारतो की गेल्या सात वर्षांत अमली पदार्थ घेतले का. किती वेळा, पहिल्यांदा कधी, शेवटचे कधी, पुढे घ्यायचा विचार आहे का. खोटं लिहिलं तर तुरुंगवासाची तरतूद आहे. पण त्याच प्रश्नाशी छापलं आहे की तुम्ही दिलेलं खरं उत्तर तुमच्याविरुद्ध फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून वापरलं जाणार नाही. उत्तर आल्यावर तपासणारा बघतो काय? किती काळ लोटला, वय काय होतं, पुन्हा घडलं का, स्वतःहून सांगितलं का. कसोट्या जाहीर आहेत, कुणालाही वाचता येतात. खरं सांगणाऱ्याला तिथेही नकार मिळतो. पण कशावर तोलणार हे तराजूत बसण्याआधी कळतं. त्यांचा देश, त्यांचे नियम, ते उचलून इथे आणा असं मी म्हणत नाही. मला त्यातली एकच गोष्ट घ्यावीशी वाटते. खरं मागणाऱ्यानं त्या खऱ्याचं आपण काय करणार, हे आधी सांगावं.

आपल्या कायद्यातही दारं आहेत. अमली पदार्थविरोधी कायदा 1985 चा. त्याच्या 64-अ कलमानुसार सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला पुढे आला, तर त्याच्यावर खटला चालवायचा नाही. उपचार अर्धवट टाकले तर ही सवलत जाते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं व्यसनालाही आजारात धरलं आहे आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलं आहे. अठराच्या आतल्या मुलाला तर 2015 च्या बाल न्याय कायद्यानं जवळजवळ कोरी पाटी करूनच दिली आहे. हे कायदे मी मुद्दाम लिहिते, कारण एका आईनं मला विचारलं होतं, “बाई, त्याला दवाखान्यात नेलं तर नाव नोंदवतील. मग भरतीला अडचण नाही का यायची?”

तिचा मुलगा तेव्हा बारावीत होता. रात्री झोपत नव्हता, दात खायचा, चार महिन्यांत गळ्याचं हाड दिसायला लागलं होतं. साताऱ्यात सरकारी रुग्णालय आहे, डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली ‘परिवर्तन’ संस्था आहे, मिरजेला वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. सगळं एसटीच्या अंतरावर. आणि ही बाई पोराला घरात कोंडून ठेवत होती, कारण तिला वाटत होतं की केसपेपर म्हणजे गुन्ह्याची नोंद. माझ्या दृष्टीनं या सगळ्यातलं सर्वांत वाईट हेच आहे. भरती लांब राहिली, त्या रकान्याच्या धाकानं पोरं आजारीच राहतात. आम्ही तिला सांगून सांगून राजी केलं, त्याला नेलं. पण सगळ्या गावांत निवृत्त शिक्षिका रिकाम्या बसलेल्या नसतात.

तर माझं मागणं असं आहे. तुमच्या जिल्ह्याच्या शिपाई भरतीत नियुक्तीचा अधिकार तुमचा, आणि पडताळणीही तुमच्याच शाखा करतात. म्हणून मंत्रालयाला न लिहिता तुम्हाला लिहिते. पुढची जाहिरात निघेल तेव्हा तिच्याबरोबर एक पानभर साधं मराठी निवेदन काढा. मैदानाच्या फाटकावर लावा, अकॅडम्यांना द्या, ग्रामपंचायतींना पाठवा. त्यात लिहा की कबुली देऊन दंड भरला असेल तर उत्तर ‘होय’ आहे. निर्दोष सुटला असाल तरी खटला झाला होता, म्हणून त्या ओळीपुढे ‘होय’ आहे. उपचार घेतले असतील तर तो गुन्हा नाही, इथे तो विचारलेलाही नाही. फॉर्म भरल्यानंतर काही घडलं तर तेही कळवायचं आहे. एवढ्या चार वाक्यांनी किती ट्रंका परत यायच्या वाचतील.

दुसरं मागणं अवघड आहे, हे मला कळतं. ज्यानं स्वतःहून खरं लिहिलं, त्याचं प्रकरण कशावर तोलणार ते जाहीर करा. सेवन होतं की विक्री, वय काय होतं, किती वर्षं लोटली, त्यानंतर पुन्हा काही घडलं का, आणि सांगितलं कुणी, त्यानं की सीसीटीएनएसनं. घ्यायचं नसेल तर नका घेऊ, पण कारण लिहून द्या. ‘अपात्र’ या एका शब्दावर त्याला परत पाठवू नका. दहा पोरांनी ‘होय’ लिहिलं आणि त्यांतल्या तिघांना घेतलं असं एकदा कळलं, की अकॅडमीतल्या सीनियरचा सल्ला बदलेल. या पोरांना माझ्याइतकं कुणी ओळखत असेल असं मला वाटत नाही, म्हणून हे खात्रीनं लिहिते.

आणि बीट अंमलदारांना सांगा की पडताळणीला गावात आले की पारावर चारचौघांत विचारू नका. “ह्याचं मागं काय लफडं होतं का?” हा प्रश्न पारावर विचारला की उत्तर भावकी देते. बांधाचं भांडण त्या जबाबात उतरतं.

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण नुकतंच घडलं. ओढ्याच्या या बाजूचा की त्या बाजूचा ते सांगत नाही, एक मुलगा फॉर्म घेऊन आला. एकोणीस वर्षांचा असताना केस, सेवनाची. कबूल केलं, दंड भरला. त्यालाही चार वर्षं झाली. माझ्यापुढे जणू तोच जुना कागद ठेवला होता. “बाई, हितं काय लिहू?” म्हणाला. त्याचे वडील ओसरीवर उभे होते, ते आत न येताच म्हणाले, “नाही लिही म्हणावं, बाई.”

मी त्याला प्रश्न मोठ्यानं वाचायला सांगितलं. त्यानं वाचला. ‘कधी’ या शब्दाशी थांबवलं आणि अर्थ विचारला. तो बराच वेळ गप्प बसला. मग त्यानं ‘होय’ लिहिलं. पुढच्या ओळीत गुन्हा क्रमांक, कोर्टाचं नाव, निकालाची तारीख, दंडाची रक्कम. अक्षर चांगलं आहे त्याचं. निकालाची प्रमाणित प्रत आम्ही दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन काढली आणि सोबत जोडली. वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तो कागद आता तुमच्यापैकी एकाच्या कार्यालयात आहे. त्याला घ्या असं मी म्हणणार नाही, तसं म्हणायचा मला अधिकार नाही. तो रोज पहाटे अजून पळतो, कारण पळायचं थांबवलं तर काय करायचं ते त्याला सुचत नाही. पडताळणीला अंमलदार गावात येतील तेव्हा त्यांना शाळेमागच्या कौलारू घरी पाठवा. मी दिवसभर घरीच असते. चहा ठेवीन आणि या मुलाबद्दल मला जे माहीत आहे, चांगलं आणि वाईट, ते सगळं सांगेन. त्या दुधाच्या टेम्पोवाल्याबद्दल विचारलं, तर तेही सांगेन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
(कऱ्हाड आणि वाळवा तालुक्यांच्या हद्दीवरून)